डिग्री नाही, वर्षभर नाशिक सोडता येणार नाही. आयटीत शिरायचं तर सुरुवात कुठून? (मदत हवी आहे)

अंबडलिंकरोड

नमस्कार मंडळी. वय २३, बारावी कॉमर्स, एफवायबीकॉमनंतर कॉलेज सुटलं. सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरची एंट्री आणि टॅली बघतो. एमएस-सीआयटी झालंय. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्हट जमतं, कोडिंग शून्य.

एका क्लासने फुल स्टॅकसाठी (वेबसाइटचा दिसणारा आणि मागचा, दोन्ही भाग बनवायचं कोडिंग) ८५ हजार सांगितलेत, हप्त्याने, '१०० टक्के जॉब गॅरंटी'. माझं बजेट सगळं मिळून ४० हजार आणि लॅपटॉपही त्यातच घ्यायचाय. रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवार मोकळा असतो. घरच्या कारणाने वर्षभर तरी पुणे नाही.

क्लास लावू का? नसेल तर काय शिकू, आणि नाशिकमध्ये बिनडिग्रीवाल्याला घेतं कोण?

लॅनवाला

क्लासचं आधी. 'हप्त्याने' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. क्लासला रक्कम एकदम मिळते. तुम्ही दुसऱ्या महिन्यात सोडलंत तरी हप्ता चालूच, चुकलात तर सिबिल बिघडतो. करारात 'नोकरी' लिहिलंय की 'प्लेसमेंट सहाय्य' ते बघा. सहाय्य म्हणजे चार मुलाखतींचे निरोप पाठवले की ते मोकळे. मूळ मार्कशीट ठेवून घेत असतील तर तिथूनच परत फिरा.

आता घेतं कोण. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीची अट फॉर्मवरच असते, तिथे डोकं आपटू नका. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंद्याचे कारखाने आहेत, गंगापूर रोड-कॉलेज रोडकडची हॉस्पिटलं आहेत, शाळा, हॉटेलं, वायनरी आहेत. या सगळ्यांकडे पाच ते दोनशे कॉम्प्युटर असतात आणि ते बंद पडतात. सांभाळायला एकतर पगारी आयटीवाला असतो नाहीतर एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घेतलेला व्हेंडर. व्हेंडरकडे फील्ड इंजिनिअर म्हणून शिरणं सगळ्यात सोपं. पगार सुरुवातीला कमीच असतो. पण रोज चार ठिकाणची वेगवेगळी दुखणी बघायला मिळतात, त्याने हात बसतो. मुलाखतीत डिग्री कमी आणि 'हे बंद पडलंय, काय करशील' जास्त विचारतात.

शिकायचा क्रम असा ठेवा.

पहिले दोन महिने हार्डवेअर आणि विंडोज. विंडोज पेनड्राइव्हवरून टाकणं, ड्रायव्हर, हार्डडिस्कवरून एसएसडीवर क्लोन, आउटलुकची डेटा फाईल हलवणं, प्रिंटर. प्रिंटरला कमी लेखू नका, निम्म्या तक्रारी त्याच्याच. 'काल चालत होता, आज ऑफलाइन' याचं नेहमीचं कारण म्हणजे राउटर रीस्टार्ट झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी मिळालेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी आयपी राखून ठेवा आणि कॉम्प्युटरवर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा (बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर ऐकतात). तक्रार परत येत नाही. नुसता स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) रीस्टार्ट करून निघालात तर आठवड्यात पुन्हा फेरी.

पुढचे तीन महिने नेटवर्किंग. आयपी, सबनेट (पत्त्यांचा गट), डीएचसीपी (आपोआप पत्ता देणारी सोय), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे पाडलेले गट). /२४ च्या सबनेटमध्ये वापरण्याजोगे पत्ते २५४ आणि /२६ मध्ये ६२, हे बोटं न मोजता सांगता आलं पाहिजे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं काढलं की फुकट मिळतं, सराव त्यावर होतो. सोबत कॅट सिक्सची थोडी केबल, कनेक्टर, क्रिंपिंग टूल आणि साधा टेस्टर घ्या. केबलमधल्या आठ तारांचा टी५६८बी क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवशिक्याचं इथे हमखास चुकतं, हिरवी जोडी शेजारी-शेजारी बसवतो. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, कारण दोन्ही टोकांना चूक सारखीच असते. पण ३ आणि ६ नंबरच्या पिनांची पीळ घातलेली जोडी फुटल्यामुळे लांब केबलवर स्पीड पडतो. आणि १०० मीटरच्या पुढे तांब्याची केबल ओढायची नाही. कारखान्यात गेटपासून ऑफिसपर्यंत ती हमखास ओढलेली सापडते.

मग विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसची सगळी खाती आणि कॉम्प्युटर एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय, त्या गटाला डोमेन म्हणतात). व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, त्यात एकाच लॅपटॉपवर दोन-तीन कॉम्प्युटर असल्यासारखे चालवता येतात. विंडोज सर्व्हरची मूल्यांकन प्रत १८० दिवस चालते आणि क्लायंटसाठी (सर्व्हरला जोडायचा कॉम्प्युटर) विंडोज ११ एंटरप्रायझची ९० दिवस. होम आवृत्ती घेऊ नका, ती डोमेनला जोडताच येत नाही.

एमएस-सीआयटीचा इथे उपयोग नाही. सरकारी कारकुनी जागेसाठी लागतं, ठेवा जपून.

गोदाघाट_०९

वरच्या सगळ्याला +१, पण डिग्रीचा विषय असा सोडू नका. शिरायला लागत नाही, वर चढताना लागते. फील्डवरून मोठ्या कंपनीच्या पेरोलवर जाताना एचआर अडवतं, परदेशी जायचं तर व्हिसा अडतो.

मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय तुमच्याच गावात, गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला आहे. बीकॉमला प्रवेश घ्या. नोकरी सोडावी लागत नाही. आधी एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटचं खातं) काढा आणि मग यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी, त्याशिवाय दूरशिक्षणाचा प्रवेश होत नाही. बारावीची मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. मधलं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, यात लोकांची प्रवेशाची मुदत निघून जाते.

आणि 'अनुभवाचं लेटर करून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पडताळणीत पीएफच्या यूएएनवरचा (पीएफचा कायमचा नंबर) इतिहास मागतात. त्यात कंपनीच नसेल तर ऑफर मागे घेतात, वर नाव खराब होतं ते वेगळंच.

टीडीएल_वेडा

सगळे एकाच वाटेने का पाठवताय? या मुलाला टॅली येतं, कॉमर्स येतं, स्टोअर कळतं. हे भांडवल सोडून शून्यातून रिॲक्ट (वेबसाइटचं कोडिंग) शिकणं म्हणजे घरचा सुपीक मळा पडीक ठेवून दुसऱ्याचा बटाईने करणं.

टॅलीत बदल करायची स्वतःची भाषा आहे, टीडीएल. फॉर्म, पार्ट, लाइन, फील्ड अशी रचना असते. अंबडच्या जॉबवर्कवाल्यांना बिलावर हीट नंबर (धातूच्या लॉटचा नंबर) हवा असतो, कुणाला चलनावर ग्राहकाचा पार्ट नंबर. टॅलीत तो रकाना आयता नसतो, तो बसवून देणारा माणूस लागतो. टॅली पार्टनरकडे हे काम करणारी मुलं लागतात आणि तिथे डिग्रीपेक्षा 'व्हाउचर कळतं का' हा प्रश्न मोठा असतो. इंजिनिअर मुलं इथेच अडतात. त्यांना डेबिट नोट कधी काढायची हेच माहीत नसतं.

शिकायला लायसन्स लागत नाही. एज्युकेशनल मोडमध्ये टॅलीप्राइम फुकट चालतं, फक्त महिन्याच्या ठरावीक तारखांनाच व्हाउचर टाकता येतात. फाईल जोडायची तर एफ१, टीडीएल अँड ॲड-ऑन, मग एफ४. ऑफिसच्या चालू डेटावर प्रयोग अजिबात नको. कंपनीचा बॅकअप घ्या आणि घरी रीस्टोअर करा, तोही मालकाला विचारून. आणि लक्षात ठेवा, नव्या आवृत्तीत टॅलीची मूळ व्याख्या बदलली की तुमचं टीडीएल मोडू शकतं. म्हणून ग्राहकाशी बोलतानाच अपग्रेडनंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे ठरवायचे.

दुसरा टप्पा पायथन, ही प्रोग्रामिंगची भाषा. टॅली पोर्ट ९००० वर एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेला मजकूर) घेतं आणि देतं. एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटीत जाऊन क्लायंट-सर्व्हर दोन्ही करा. एक्सेलमधली पाचशे खरेदी बिलं चाळीस ओळींच्या प्रोग्रामने टॅलीत जातात. एक जागा फसवी आहे. लेजरच्या नावात '&' असेल तर एक्सएमएल मोडतं, ते चिन्ह बदलून पाठवावं लागतं. पायथनची लायब्ररी वापरून एक्सएमएल बनवलंत तर ती बदलून देते, हाताने जोडून बनवलंत तर रात्रभर शोधत बसाल.

जुनंसामान

लॅपटॉपपुरतं बोलतो. नवा घेऊ नका. कंपन्यांतून निघालेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक, आय५ आठवी पिढी किंवा पुढची, १६ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. आठव्याच्या खालचा स्वस्त मिळतो, पण विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बजेटच्या निम्म्यात बसवा, बाकी हातात ठेवा.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग, उघडा (थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०). पासवर्ड मागितला तर तिथेच ठेवून निघा, कंपनीचं कुलूप आहे ते. मग बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्म्याखाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कापायला लावा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट वापरलेत ते बघा, काही बारीक मॉडेलांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, वाढत नाही.

अंबडलिंकरोड

सगळ्यांचे आभार. क्लास बाद. सेकंडहँड थिंकपॅड घेतला, १६ जीबी. टॅली आणि नेटवर्क दोन्ही सोबत चालवीन म्हणतो. सीसीएनएची (सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) परीक्षा लगेच द्यावी का?

आणि लॅबमध्ये अडलोय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आधी ६४-बिटचा पर्यायच दिसेना, तो बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केल्यावर आला. आता सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालतात, पण एकमेकांना पिंग होत नाही (समोरचं मशीन उत्तर देत नाही). दोघांचाही आयपी १०.०.२.१५ दिसतोय! तो कसा?

लॅनवाला

डीफॉल्टला व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं नॅट (इंटरनेटला जायची खासगी वाट) देतं. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेत आणि दोन्ही खोल्यांचा नंबर एकच. दोन्ही मशीन 'इंटर्नल नेटवर्क'वर घ्या, नेटवर्कचं नाव दोन्हीकडे तेच ठेवा.

मग १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसेल. घाबरू नका, डीएचसीपी देणारं कुणी नाही म्हणून विंडोजने आपला आपणच घेतलाय. सर्व्हरला हाताने १९२.१६८.५०.१० द्या, क्लायंटला .२०, मास्क २५५.२५५.२५५.०. तरीही पिंग येणार नाही, कारण विंडोज फायरवॉल ते अडवतं. दोन्हीकडे फाईल अँड प्रिंटर शेअरिंगचा एको रिक्वेस्टचा (म्हणजे पिंगचाच) नियम चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करायची सवय लावून घेऊ नका.

डोमेन बनवल्यावर क्लायंट जोडताना 'डोमेन कंट्रोलर (म्हणजे तुमचा सर्व्हर) सापडला नाही' असं येईलच. तेव्हा क्लायंटचा डीएनएस बघा. तो १९२.१६८.५०.१० हाच हवा. गुगलचा ८.८.८.८ टाकलात तर त्याला तुमच्या घरातलं डोमेन कुठून माहीत असणार? दुसरा डीएनएस म्हणूनही तो टाकू नका, मग कधी चालतं कधी नाही असा भुताटकीचा प्रकार होतो. घड्याळही जुळवा, पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर लॉगिन नाकारलं जातं.

सीसीएनए आत्ता नको. फी ३०० डॉलर, करासकट तीस हजारांच्या आसपास, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. आधी अभ्यासक्रम पुरा करा, फील्डवर सहा-आठ महिने काढा, फी तेव्हाच्या पगारातून भरा. व्हेंडरकडे बोलायला जाल तेव्हा पेट्रोल वेगळं देतात का आणि सिन्नर-दिंडोरीच्या फेऱ्या किती, हे पगाराच्या आधी विचारा. स्वतःच्या गाडीवर महिनाभर फिरून पगारातला मोठा हिस्सा पंपावर जाणार असेल तर तो आकडा फसवा आहे.

टीडीएल_वेडा

लॅबमधल्या त्या सर्व्हरवर टॅलीचा डेटा फोल्डर ठेवून क्लायंटवरून उघडून बघा. सिल्व्हर लायसन्स एका युजरचं, गोल्ड लॅनवर अमर्यादित. एज्युकेशनल मोडमध्ये शेअरचे अधिकार तेवढे तपासून होतील. फोल्डरला नुसता 'रीड' दिला तर काय एरर येतो ते लिहून ठेवा. सीए ऑफिसांमधली नेहमीची तक्रार आहे ती.