‘मात्रा खाल्ली’ आणि ‘लय पळाली’

प्रश्न: चार-पाच जण मिळून वाजवायला बसले की ‘मात्रा खाल्ली’, ‘सम चुकली’, ‘लय पळाली’ हे सतत ऐकू येतं. मात्रा खाणे म्हणजे नक्की काय? आणि सम ‘चुकणे’ व ‘चुकवणे’ एकच का?

— मात्रा म्हणजे तालातला एक ठोका, आणि खाणे म्हणजे इथे गाळणे, बोलताना अक्षरं खातात तसं. तिहाईत, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवण्यात, याची खरी मजा येते. त्रिताल १६ मात्रांचा, त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. ‘तिट कत गदि गन धा’ हा ५ मात्रांचा तुकडा समेपासून धरून तीनदा वाजवायचा आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा थांबायचं. १५ अधिक २, म्हणजे १७. शेवटचा ‘धा’ नेमका पुढच्या समेवर. या थांबण्याला ‘दम’ म्हणतात. तो असेल तर तिहाई दमदार, नसेल तर बेदम. आता भरात एक दम खाल्ला गेला की ‘धा’ सोळाव्या मात्रेवर पडतो. वाजवणाऱ्याने ऐटीत मान उडवलेली असते, आणि बाकी सगळे एक मात्रा मागून समेवर येतात! अशा वेळी हसू आवरणं अशक्य आहे, आणि आवरूही नये.

— ‘चुकवणे’त हेतू येतो. नजर चुकवतात, भेट चुकवतात. ‘सम चुकली’ म्हणजे नकळत, ‘चुकवली’ म्हणजे जाणूनबुजून. सम मुद्दाम किंचित आधी किंवा नंतर दाखवायची रीतही आहे, तिला अतीत-अनागत म्हणतात. त्यामुळे चुकलेला माणूस छातीठोकपणे ‘ते अनागत होतं’ म्हणू शकतो. पुढच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीत, पुन्हा तसंच करून दाखव म्हटलं की खरं काय ते कळतं.

— ‘लय पळाली’, म्हणजे वेग वाढला, हे मला फार आवडतं. पळवलेली असते सगळ्यांनी मिळून, पण वाक्यात कर्ता फक्त लय. ‘तू पळवलीस’ म्हटलं की तालीम तिथेच थांबते, ‘पळाली’ म्हटलं की सगळे मुकाट्याने पुन्हा मूळ लयीत येतात. ‘तबला उतरलाय’, म्हणजे त्याचा सूर खाली आलाय, हेही तसंच. कधीकधी तो खरोखर उतरलेला असतो.

— बेसूर आणि कणसूर यांतही हाच फरक का?

— नाही, तो प्रमाणाचा. कणसूर म्हणजे कणभर ढळलेला.

— कर्त्याचा विषय निघालाय म्हणून एक भर. या मंडळींत माणसाची ओळख वाद्यानेच होते. ‘पेटी पुढे गेली’, ‘आज तबल्याने सांभाळून घेतलं’ हे कुणालाच खटकत नाही. ‘पेटी आज येणार नाही, पेटीला ताप आलाय’ हेही अगदी गंभीरपणे सांगितलं जातं, आणि ऐकणारा ‘औषध घेतलं का?’ असंच विचारतो.