हार्मोनच्या जीन्सचा रिपोर्ट: किती गांभीर्यानं घ्यायचा?

धंतोली४९:
बाबांना ६८व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सर निघाला. माझं वय ४९. लाळेवरच्या जीन टेस्टमध्ये एसआरडी५ए२ जीनचा व्ही८९एल प्रकार आणि अँड्रोजन रिसेप्टरच्या (पुरुषी हार्मोन पकडणारं प्रथिन) जीनमधले सीएजी रिपीट (सलग परत परत येणारा तोच तुकडा) १८ आलेत, खाली शेरा 'धोका वाढलेला'. केसांसाठी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम दीड वर्षापासून चालू आहे. पीएसए (रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) १.९, लॅबनं नॉर्मल लिहिलंय. पुढे काय करू?

वर्धारोड_जेनेटिक्स:
भाऊ, तो शेरा बाजूला ठेवा. एसआरडी५ए२ जीन टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (त्याचंच जास्त ताकदीचं रूप) करणारं एन्झाइम बनवतो, आणि ८९व्या जागी एल (ल्युसिन हे अमिनो आम्ल) असला की ते एन्झाइम उलट मंद चालतं. सीएजी रिपीट कमी म्हणजे रिसेप्टर जास्त तल्लख, म्हणून १९९७च्या सुमारास त्यावर बरीच भिस्त होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. २००८मध्ये १८ अभ्यासांची माहिती एकत्र तपासली, तर रक्तातल्या टेस्टोस्टेरॉन-डीएचटीच्या पातळीचाही धोक्याशी संबंध दिसला नाही.
एचएसडी३बी१ या जीनचा १२४५सी प्रकार मात्र कामाचा. तो कॅन्सर होईल का हे सांगत नाही. झालेल्या रुग्णात हार्मोन बंद करणारं इंजेक्शन किती काळ साथ देईल, याच्याशी त्याचा संबंध आहे.

लॅबवाला_सदर:
माझं लक्ष त्या १.९वर आहे. फिनास्टेराइडनं पीएसए साधारण निम्मं होतं, १ मिलिग्रॅमच्या गोळीनंही. म्हणजे खरा आकडा ३.८च्या आसपास धरा. पन्नाशीच्या आत, त्यात बाबांना कॅन्सर, हा आकडा सोडून देण्यासारखा नाही. यूरोलॉजिस्टला दाखवाच.
पीएसए टेस्ट पुन्हा त्याच लॅबमध्ये करा, फॉर्मवर गोळीचं नाव लिहा. आधीचे दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळा. लघवीचं इन्फेक्शन झालं असेल तर सहा आठवडे थांबा. केसांसाठी बायोटिनही घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही मशीनवर त्यामुळे पीएसए खोटं कमी दिसतं. आणि गोळी चालू असताना आकडा चढत गेला, तर तो 'नॉर्मल'च्या आत असला तरी तपास हवा.

वर्धारोड_जेनेटिक्स:
घराण्याचा धोका बघायचा तर बीआरसीए२ आणि एचओएक्सबी१३ हे जीन तपासा. आत्या, आजी, मावशी यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, नीट विचारा. आईकडचंही विचारा, बीआरसीए२ दोन्हीकडून येतो. ही जीन टेस्ट आधी बाबांची, रक्तावर. त्यांच्यात दोष सापडला तर तुमच्यात नेमका तेवढाच शोधता येतो. शिवाय त्यांचा आजार पसरलेला असेल तर औषध निवडायलाही तोच रिपोर्ट लागतो.

धंतोली४९:
आत्याला स्तनाचा कॅन्सर होता, ४४व्या वर्षी.

वर्धारोड_जेनेटिक्स:
मग बाबांच्या टेस्टला उशीर करू नका. यूरोलॉजिस्टकडे जातानाही हे आधी सांगा.