‘बांधला जाणे’, ‘बसणे’ की ‘जखडणे’?

प्रश्न : मी रत्नागिरीत बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रथिननिर्मितीवरील टिपणात ‘औषधाचा रेणू विकराला (एन्झाइमला) बांधला जातो’ असे लिहिले आणि ते मलाच खटकले. येथे कोणते क्रियापद योग्य ठरेल?

उत्तर : ताई, ‘बांधला जातो’ म्हटले की दोरी आणि बांधणारा कोणी तिसरा डोळ्यांपुढे येतो. शिवाय रसायनशास्त्रात ‘बंध’ म्हटले की प्रथम सहसंयुज बंधच, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेला पक्का बंध, मनात येतो. पुष्कळशी औषधे तसा बंध न करता दुबळ्या आकर्षणांच्या आधारे विकराच्या खोबणीत टिकतात आणि तेथून सुटूही शकतात. अशा ठिकाणी मी ‘बसणे’ वापरतो. त्वचेच्या मलमातले मुपिरोसिन घ्या. आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल वाहक आरएनएवर (प्रथिन जुळवण्याच्या जागी अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूवर) चढवणारे जिवाणूंचे जे विकर आहे, त्याच्या खोबणीत मुपिरोसिन बसते, कारण त्याची ठेवण त्या क्रियेत मध्येच तयार होणाऱ्या आयसोल्युसिल-एएमपीसारखी असते. जागा अडली की आयसोल्युसिन वाहकावर चढत नाही आणि प्रथिनाची साखळी खुंटते.

‘खोबण’ हा शब्द मी राजापूरच्या आमच्या घराच्या चौकटीवरून उचलला. सुताराने फणसाच्या लाकडाचे कुसू (खोबणीत जाणारे निमुळते टोक) खोबणीत घातले, उपसले, पटाशीने किंचित तासले, पुन्हा घातले आणि अखेरीस आरपार भोक पाडून मेख मारली. तोवर ते बसलेले होते. मेखेनंतर जखडले गेले. अर्थात लाकडाची खोबण ताठ असते, विकराची मात्र रेणू आत शिरताना स्वतःही वळते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये मांडले.

प्रश्न : सर, ‘चिकटणे’ चालेल का? आणि खराच सहसंयुज बंध होत असेल तर काय म्हणावे?

उत्तर : ‘चिकटणे’ टाळावे. मासळीचे खवले हाताला कुठेही चिकटतात, त्यांना ठरलेली जागा लागत नाही. सहसंयुज बंधासाठी मात्र ‘जखडणे’ नेमके आहे. नखांच्या बुरशीवरचे टॅव्हाबोरोल हे औषध ल्युसिन हे अमिनो आम्ल चढवणाऱ्या विकराच्या चूक-दुरुस्तीच्या जागेत (चुकून चढलेले अमिनो आम्ल काढण्याच्या जागेत) शिरते आणि त्यातील बोरॉनचा अणू वाहक आरएनएच्या टोकाशी बंध करून त्याला तेथेच जखडतो. आपल्या टिपणात मुपिरोसिन ‘बसते’ आणि टॅव्हाबोरोल आरएनएला ‘जखडते’ अशी दोन वाक्ये शेजारी ठेवावीत.