"थकवणे"ले दुसरा शब्द सांगा ना कोणी, गोऱ्ह्यासाठी पायजे

वावरातला पोट्टा:
कॉलेजच्या अंकासाठी गोष्ट लिहून रायलो, आमच्या आबानं नवा गोऱ्हा जाणत्या बैलासोबत जुपून कसा वळणावर आणला त्याची. लिहिता लिहिता "थकवलं" इतक्यांदा आलं की वाचताना मलेच थकवा आला. "दमवलं" माहीत आहे पण ते नातवानं आजीले दमवल्यासारखं वाटते, त्यात जोर नाई. सर म्हणतात संवाद वऱ्हाडी चालतील पण निवेदन प्रमाण भाषेत ठेव, म्हणून दोन्हीकडचे शब्द पायजेत.

धुऱ्यावरचा:
अरे बाप्पा, गोऱ्ह्याले थकवत नाईत, त्याची रग जिरवतेत. ताजा गोऱ्हा वखराले जुपला की पयल्या तासाले उधळते, जू झटकते, जोडीच्या बैलाले बी वढते, मंग ढेकळाईतून वखर वढता वढता मान खाली येते अन् चाल सुदी होते. ही झाली रग जिरवणं. त्याच्यावर बी हाकलत रायलं त तोंडाले फेस येते, तिथं कोणताबी शहाणा माणूस सोडते. नाई सोडलं त जनावर जुवाखालीच बसते, शेपटी पिरगाळा नाईतर काई करा, उठत नाई. त्याले म्हणाचं टेकीस आणलं. तुह्या आबानं कुठवर नेलं ते पाय अन् तोच शब्द टाक, तिन्ही सरमिसळ करू नको.

शब्दवेडी_अमरावती:
वरचं उत्तर एकदम बरोबर. फक्त एक फसगत सांगते, "बैल भागला" म्हणजे थकला, पण म्हणून "बैलाला भागवलं" लिहू नकोस, भागवणं म्हणजे तहान भागवणं नाहीतर पगारात भागवणं, अर्थच बदलतो. "थकवणे"चंही तसंच आहे, बिल थकवलं, चुकारे थकवले, तिथे दमण्याचा संबंधच नाही (दमतो तो चुकाऱ्याची वाट पाहणारा!). "जेरीस आणणे" शत्रूसाठी ठेव, गनिमी काव्याने मोगल फौजेला जेरीस आणलं, असं. भंडावून सोडणं प्रश्नांनी किंवा तगाद्याने होतं, नाकी नऊ आणायला घरची पोरं पुरतात. "शिणवणे" मऊ आहे, बारीक अक्षरं डोळे शिणवतात. निवेदनात मी असते तर "मेटाकुटीला आणलं" एकदाच वापरलं असतं, तेही आबासाठी, कारण असा गोऱ्हा माणसालाही सोडत नाही.

पराटी_१२:
अन् पदवणं कुठं गेलं? इट्टीदांडूत ज्याच्यावर डाव रायते त्याले सांजलोक पदवाचं, रडकुंडीले आला तरी सोडाचं नाई. आता मोठे झालो त हापिसं पदवतेत, मले एका फेरफारासाठी असं पदवलं की चपलेचा अंगठा तुटला, रोज नवीन कागद, आज सायेब नाई, उद्या शिक्का नाई. गोऱ्ह्याले मात्र हा शब्द लावू नको, पदवण्यात मजा घेणारा लागते.

वावरातला पोट्टा:
वा, काम झालं. "रग जिरवली" अन् "फेस आणला" घेतो, टेकीस आणलं नाई ठेवत, आबा वाचतीन त जोड्यानं मारतीन. आणखी एक, आई म्हणते "लेकरानं कदरवून टाकलं", हे गोऱ्ह्याले चालते का?

शब्दवेडी_अमरावती:
कदरणे म्हणजे कंटाळणे, त्रासणे. अंगाने नाही तर मनाने. जनावराबद्दल म्हणतात का ते शेतीवालेच सांगतील.

धुऱ्यावरचा:
म्हणतेत न. एकाच बैलावर रोज वखर, डवरा, बंडी सगळं लादलं त तो कदरते, अंगात ताकत असून बी जू दिसलं की मान फिरवते. पण नव्या गोऱ्ह्याले नाई चालत, कदराले आंधी दोन-चार हंगाम काम त करा लागते. अंक निघाला की फोटो टाकजो इथं.