मदत हवी आहे: नगरपंचायतीच्या बजेटमध्ये उपसूचना लेखी कशी द्यायची? सभा शुक्रवारी आहे

अंबाडी (धागाकर्ती)

नमस्कार. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नगरसेविका आहे. गावाचं किंवा कुणाचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण नको, काम हवं आहे.

आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत २०१५ मध्ये झाली. मी २०२२ च्या जानेवारीत निवडून आले. तेव्हापासून चार बजेटं माझ्यासमोर मंजूर झाली आणि चारही वेळा मी न वाचता हात वर केला. सभेच्या आदल्या संध्याकाळी शिपाई घरी पुस्तिका देऊन जातो. सत्तरेक पानं, नुसते आकडे. दुसऱ्या दिवशी एकूण जमा, एकूण खर्च आणि अखेरची शिल्लक एवढे तीन आकडे वाचले जातात, कुणीतरी "मंजूर" म्हणतं, बाकीचे बाकं वाजवतात आणि चहा येतो. मागच्या वर्षी मी घड्याळ पाहिलं होतं. अठरा मिनिटं लागली. "वहिनी, वाचून काय करता, सही मारा ना" असं म्हणणारे आमच्याच गटाचे होते.

माझा प्रभाग गावाच्या चढावर आहे. टाकी ग्रामपंचायतीच्या काळातली. फेब्रुवारी संपला की आमच्याकडे पाणी चढत नाही. दोन बोअर आहेत, त्यातल्या एकाची मोटर दोन वर्षांपासून जळालेली आहे. मार्च ते जून बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन खालच्या आळीत जातात, आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मागच्या मे महिन्यात एक म्हातारी मला नळावर म्हणाली, "तू तं तिथं बसली होती ना व? मंग बोलली काहून नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजूनही मनात आहे.

पुढच्या वर्षी आमची मुदत संपते, म्हणजे हे बहुधा माझं शेवटचं बजेट. म्हणून यंदा पुस्तिका आधीच मागून घेतली आणि हरभऱ्याची सोंगणी चालू असतानाही दोन रात्री बसून वाचली. तलावाकाठच्या बागेच्या सुशोभीकरणाला ३० लाख, टँकरला ६ लाख. पाणीपुरवठा देखभाल-दुरुस्तीला मात्र सतराही प्रभाग मिळून ४ लाख.

मला बागेचे पैसे कमी करून पाण्याला द्यायचे आहेत. हे सभेत उभं राहून नुसतं बोललं तर चालतं का, की लिहून द्यावं लागतं? कुणाकडे द्यायचं? आम्ही एकूण १७ आहोत, सत्ताधारी ९ आणि आम्ही ८, मग याचा काही उपयोग तरी आहे का? कृपया नीट समजावून सांगा. मी बारावी झाले आहे, पण हिशेबाचं शिक्षण नाही.

जुना लेखापाल

ताई, मी अमरावती विभागातल्या नगरपालिकांच्या लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. अशी बजेटं बरीच बांधली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू आहे. बजेटचं कलम १०१. मुख्याधिकारी अंदाजपत्रक तयार करतात, स्थायी समिती ते पाहते आणि मग ते सभागृहापुढे येतं. लोक इथेच चुकतात. मुख्याधिकाऱ्यांनी मांडलं म्हणजे ते बजेट झालं नाही, तो मसुदा आहे. रक्कम कमी करायची, वाढवायची, एका लेखाशीर्षातून (बजेटमधल्या खर्चाच्या ओळीतून) दुसऱ्यात न्यायची, हा अधिकार सभागृहाचा. तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात.

विशेष सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळायला हवी. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. आदल्या संध्याकाळी पुस्तिका हातात पडत असेल, तर सोबत अजेंडा कधी मिळाला त्याची तारीख लिहून ठेवत जा.

आता मुख्य मुद्दा. "पाण्याला पैसे वाढवा" असं सभेत म्हणालात तर ती उपसूचना (मसुद्यात नेमका बदल सुचवणारा प्रस्ताव) होत नाही, विनंती होते. अध्यक्ष "बघू" म्हणतील आणि विषय संपेल. उपसूचनेत कोणत्या लेखाशीर्षातून किती रुपये कमी, कोणत्या लेखाशीर्षात किती रुपये जास्त, आणि एकूण खर्च व अखेरची शिल्लक आहे तेवढीच राहते, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. खाली सूचक म्हणून तुमची सही, अनुमोदक म्हणून दुसऱ्या सदस्याची. दोन प्रती करा. एक मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावकला देऊन दुसरीवर शिक्का घ्या. सभेत मात्र उभं राहून वाचायलाच हवी, नाहीतर ती फायलीतच राहते. मतदान आधी उपसूचनेवर होतं, मग मूळ ठरावावर. म्हणून बजेटचा विषय पुकारला की लगेच उभ्या राहा. "मंजूर" झाल्यावर उभं राहून उपयोग नाही.

एक सांगा. बागेचे ३० लाख कोणत्या निधीतले आहेत? पुस्तिकेत त्या ओळीसमोर काय लिहिलंय ते बघा. स्वनिधी, म्हणजे नगरपंचायतीचा स्वतःचा पैसा, असेल तर हलवता येईल. शासनाचं योजनेचं अनुदान असेल तर सभागृहाने एकमताने ठराव केला तरी ते पाण्याकडे जाणार नाही. ते ज्या कामासाठी आलं त्याच कामाला लागतं.

वर्धाकाठ

ताई, मी एक टर्म सदस्य होतो, तीही विरोधातच. आकड्यांचं काकांनी सांगितलंच. मी माणसांचं सांगतो.

९ विरुद्ध ८ आहे म्हणून सोडून देऊ नका. स्वीकृत सदस्य (निवडून न येता नेमलेले) चर्चेत बोलू शकतात, पण त्यांना मत नाही, म्हणून मोजणीत त्यांना धरू नका. तुमच्यातला एकही गैरहजर राहायला नको. त्यांच्यातला एक नसला आणि ८-८ झालं, तर निर्णायक मत पीठासीन अधिकाऱ्याचं, म्हणजे अध्यक्षांचं. सभेपुरता हिशेब असा आहे.

पण खरं काम सभेच्या आधी होतं. सत्ताधारी नऊमध्ये बायका किती आहेत? त्यांच्या प्रभागात पाण्याची काय स्थिती आहे? त्यांच्या घरी जा, चहा घ्या, कागद दाखवा. पक्षाचं नाव काढू नका. आमच्या वेळी मी एक चूक केली. आधी पेपरला बातमी दिली आणि मग सभेत गेलो. समोरच्यांना मान्य असूनही मग त्यांनी हात वर केला नाही, कारण तो माझा विजय झाला असता. ती नाली आजही तशीच आहे.

आणि मतदान मागा. आवाजी "मंजूर" झालं की कोण कुठे होतं ते कळत नाही. नावनिशी नोंद मागितली की माणूस विचार करून हात वर करतो.

अंबाडी

काका, दादा, मनापासून आभार. तुमचं उत्तर मी यांना आणि आमच्या गटनेत्यांना वाचून दाखवलं.

बागेचं पाहिलं. ३० पैकी २२ लाख वैशिष्ट्यपूर्ण योजनेचं अनुदान आहे. ८ लाखांसमोर "नगरपंचायत हिस्सा" लिहिलंय. म्हणजे ते ८ तरी पाण्याला घेता येतील ना?

जुना लेखापाल

नाही ताई, त्या आठ लाखांना हात लावू नका. तो योजनेतला आपला वाटा आहे. आपला वाटा दिला नाही तर २२ लाख अडकतील आणि "हिच्यामुळे गावाचे पैसे परत गेले" असं तुमच्यावर येईल. बागेचा विषयच सोडा.

पैसा दुसरीकडे शोधा. जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली, गाळ्यांचं भाडं, हा तुमचा स्वतःचा पैसा. त्यातून पगार, पथदिव्यांचं आणि पंपाचं वीजबिल जातं, ते सोडून द्या. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखीव असतात, त्यालाही हात लावू नका. मग जे उरतं ते बघा: फर्निचर, दालन दुरुस्ती, वाहन, स्वागत-समारंभ, जाहिरात, किरकोळ. मोकळी रक्कम बहुतेक तिथेच असते.

पुस्तिकेत प्रत्येक ओळीला चार रकाने असतील: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. सगळे फक्त शेवटचा रकाना बघतात. तुम्ही पहिला बघा. "प्रत्यक्ष"मध्ये ६० हजार आणि पुढच्या अंदाजात ५ लाख असं जिथे दिसेल, तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. जमेच्या बाजूलाही तसंच. घरपट्टीची जुनी थकबाकी पूर्ण वसूल होईल असं धरून जमा फुगवलेली असते, म्हणजे कागदावर खर्च बसवता येतो. वसुली होत नाही आणि वर्षाच्या शेवटी तुमच्या मोटरचीच फाइल "निधी उपलब्ध नाही" म्हणून परत येते. माझ्या हातून अशी बजेटं गेली आहेत, त्याचं मला आज वाईट वाटतं.

पळसपान

मध्येच एक सुचवते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखून ठेवलेला आहे. तुमच्याकडे त्यातलं अखर्चित किती शिल्लक आहे ते विचारा. आरंभीची शिल्लक निधीवार मागा, एकत्र आकडा घेऊ नका. नाही दिलं तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम ४ दाखवा. बजेट आणि खर्चाचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो.

आणि १९६५ च्या कायद्याचं कलम ४९ वाचा. त्यात कर्तव्यांचे दोन भाग आहेत, आवश्यक आणि स्वेच्छाधीन. पाण्याचा पुरवठा आवश्यक भागात आहे, उद्यान स्वेच्छाधीन भागात. सभेत हे एक वाक्य वाचलंत तरी पुरे.

अंबाडी

काकांनी सांगितल्याप्रमाणे पहिला रकाना पाहिला. "दालन नूतनीकरण व फर्निचर", स्वनिधी, पुढील अंदाज ५ लाख, मागील प्रत्यक्ष ९० हजार. टँकरचे ६ लाखही स्वनिधीतलेच आहेत. आज दुपारी प्लंबर आणि मोटर भरून देणाऱ्याला घेऊन दोन्ही बोअर दाखवले. नवी मोटर, केबल, आणि चढावरच्या वस्तीपर्यंत वेगळी पाइपलाइन, असा अंदाज त्याने कागदावर लिहून दिला. ते झालं तर टँकर निम्मा लागेल.

मसुदा असा केला आहे:

"सन २०२६-२७ च्या अंदाजपत्रकात दालन नूतनीकरण व फर्निचर या शीर्षातील रु. ५,००,००० मधून रु. ३,००,००० कमी करावेत. टँकरने पाणीपुरवठा या शीर्षातील रु. ६,००,००० मधून रु. ३,००,००० कमी करावेत. सदर रु. ६,००,००० पाणीपुरवठा देखभाल-दुरुस्ती या शीर्षात वाढवून ती तरतूद रु. १०,००,००० करावी. एकूण खर्च व अखेरची शिल्लक यात बदल होत नाही."

काही चुकलं आहे का? अनुमोदक म्हणून सत्ताधारी गटातल्या एका ताईंना विचारलं. त्यांच्या प्रभागातही हापशी बंद आहे. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

जुना लेखापाल

मसुदा चांगला आहे. दोनच बदल करा. शीर्षांच्या नावांसोबत पुस्तिकेतला पान क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, म्हणजे नंतर "कोणतं शीर्ष?" असा घोळ होणार नाही. आणि शेवटी जोडा: "सदर तरतूद सभागृहाच्या मान्यतेशिवाय अन्य शीर्षाकडे वर्ग करण्यात येऊ नये." नाहीतर ऑगस्टमध्ये पुनर्विनियोजन (मंजूर रकमांची फिरवाफिरव) होऊन तेच पैसे फर्निचरला परत जातात.

अनुमोदक तुमच्याच गटाचा तयार ठेवा. त्या ताईंनी ऐनवेळी हात वर केला तर उत्तमच, पण त्यांच्यावर सगळं टाकू नका.

एक लक्षात असू द्या, तरतूद झाली म्हणजे काम झालं असं नाही. पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक बनवण्यासाठी अभियंत्याच्या मागे लागा.

अंबाडी

सभा झाली. सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून रात्रीच लिहिते आहे.

विषय पुकारल्याबरोबर उभी राहिले. कागद हातात थरथरत होता, पण पूर्ण वाचला. कलम ४९ चं वाक्यही वाचलं. अनुमोदन आमच्या गटातून मिळालं. मी मतदान मागितलं तेव्हा थोडा वेळ कुणी काहीच बोललं नाही. मग त्या ताई बसूनच म्हणाल्या, "माझ्याही वॉर्डात हेच आहे, अध्यक्षसाहेब." त्यानंतर अध्यक्षांनी मतदान घेतलं नाही. टँकरचे ३ लाख आणि दालनाचे ३ ऐवजी २ लाख, असे ५ लाख पाण्याला वाढवू आणि एकमताने करू, असं ते म्हणाले. मी मान्य केलं. सव्वा तास चालली सभा.

पण संध्याकाळी कार्यालयात कच्चं इतिवृत्त पाहायला मिळालं. त्यात "सदस्यांनी पाणीपुरवठ्याबाबत सूचना केल्या. चर्चेअंती अंदाजपत्रक सर्वानुमते मंजूर" एवढंच आहे. ५ लाखांचा आकडा कुठेच नाही. आता काय करू?

जुना लेखापाल

ताई, सोमवारी कार्यालय उघडताच मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या की उपसूचना अमुक रकमेच्या बदलासह सर्वानुमते मान्य झाली, ती आकड्यांसह ठरावात घ्यावी. सोबत शिक्का मारलेली प्रत जोडा, आणि तुमच्या आठही जणांच्या सह्या घ्या. त्या ताई तयार असतील तर त्यांचीही. पक्कं इतिवृत्त आणि दुरुस्त पुस्तिका यांची प्रत त्याच अर्जात मागा.

पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिलाच विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. तेव्हाही आकडा नसेल तर तिथेच उभं राहून हरकत नोंदवा. त्यानंतरही नाही झालं तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण आधी सोमवारचा अर्ज. आज रात्रीच लिहून ठेवा. कोण काय बोललं ते आत्ता आठवतंय तेवढं उद्या आठवणार नाही.

अंबाडी

लिहायला बसले आहे, काका. सातजणांना फोन झाले. त्या ताईंकडे उद्या सकाळी घरी जाते.