कोबीच्या शेवटच्या करारामुळे लेकर्स बुडाले, हे मला पटत नाही

पहाटेचा प्रेक्षक (धागाकर्ता)

दुसऱ्या धाग्यावर टेक्सासकर यांनी लिहिलंय की एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटने २०१३ मध्ये दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख डॉलर घेतले आणि लेकर्सची पुढची सगळी वर्षं मातीत गेली. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा (कॅप) असते, म्हणून डॅलस मॅव्हरिक्सच्या डर्क नोवित्स्कीसारखा पगार कमी करून घेतला असता तर शेजारी दुसरा मोठा खेळाडू आणता आला असता म्हणे. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

करारावर सही झाली २५ नोव्हेंबर २०१३ ला. संघ त्याआधीच खिळखिळा झाला होता. डिसेंबर २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ख्रिस पॉलला लेकर्सकडे आणणारा ट्रेड (अदलाबदल) ठरला होता, तो लीगचा कमिशनर डेव्हिड स्टर्नने अडवला. न्यू ऑर्लिन्स तेव्हा लीगच्याच ताब्यात होतं, त्यामुळे कुणाला काही बोलताही आलं नाही. मग २०१२ मध्ये अडतीस वर्षांच्या स्टीव्ह नॅशसाठी ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीचे दोन पिक (निवडीचे हक्क) देऊन टाकले. दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला आणि लेकर्सकडून तो एकूण ६५ सामने खेळला. ड्वाइट हॉवर्ड एका हंगामात कंटाळून ह्यूस्टनला गेला. यातलं काय कोबीच्या पगारामुळे झालं?

आणि २०१६ मध्ये कोबी निवृत्त झाला, त्याचा पगार सुटला, कॅपही ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाखांच्या वर गेली. एवढ्या मोकळ्या जागेचं काय केलं? तिमोफेई मोझगोव्हला चार वर्षांचे ६.४ कोटी, लुओल डेंगला ७.२ कोटी. जागा असली की शहाणपण येतं असं मानणाऱ्यांनी या दोन करारांचं उत्तर द्यावं.

राहिला पगारकपातीचा उपदेश. २०११ मध्ये टाइम वॉर्नर केबलने लेकर्सशी २० वर्षांचा करार केला. लोक कोबीला बघायला टीव्ही लावत होते म्हणून तो झाला. मालकाच्या कमाईला मर्यादा नाही, खेळाडूच्या पगाराला आहे, आणि त्याग मात्र खेळाडूनेच करायचा. मला हे अन्यायाचं वाटतं.

---

टेक्सासकर

माझं नाव घेतलंय म्हणून लिहितो. पैसे मिळू नयेत असं मी म्हटलंच नव्हतं. सही झाली तेव्हा कोबीने अकिलीस (टाचेमागची कंडरा) तुटल्यानंतर एकही सामना खेळला नव्हता. ८ डिसेंबरला तो परतला, सहा सामने खेळला आणि गुडघ्याचं हाड मोडून हंगामाबाहेर गेला. पस्तिशीचा, अकिलीस तुटलेला खेळाडू. दोन आठवडे थांबून तो धावतो कसा हे बघायलासुद्धा कुणाला वेळ नव्हता? दुसऱ्या कुठल्याही खेळाडूच्या बाबतीत थांबले असते. नाव कोबी होतं म्हणून थांबले नाहीत.

मी डॅलसमध्ये राहतो. डर्कने २०१४ मध्ये तीन वर्षांचे अडीच कोटी घेतले, दुसरीकडे त्याला जवळपास चौपट मिळत होते. या गावात त्याचा पुतळा नुसत्या २०११ च्या विजेतेपदासाठी उभा नाही.

---

पहाटेचा प्रेक्षक

आणि त्या त्यागातून काय मिळालं? २०११ नंतर डर्क निवृत्त होईपर्यंत मॅव्हरिक्सने प्लेऑफची (हंगामाअखेरच्या बाद फेरीची) एक मालिकाही जिंकली नाही. वाचलेल्या पैशात चँडलर पार्सन्स आला. डिआंद्रे जॉर्डन २०१५ मध्ये हो म्हणून ऐनवेळी फिरला. लेकर्स भरपूर पगार देऊन हरले, डॅलस कमी पगार देऊन हरलं.

---

जुनी लेकरवाली

पगार, पगार, पगार. मी लेकर्सचीच चाहती आहे आणि माझा राग पगारावर नाहीच. माझा राग २०१५-१६ वर आहे. डि'अँजेलो रसेल ड्राफ्टमध्ये दुसरा आला होता, एकोणीस वर्षांचं पोर. ज्युलियस रँडल आदल्या वर्षी सातवा. प्रशिक्षक बायरन स्कॉटने डिसेंबरमध्ये दोघांनाही सुरुवातीच्या पाचातून काढून बाकावर बसवलं. आणि कोबी ३५.८ टक्क्यांनी शॉट मारत सामन्याला सतरा शॉट घेत होता. हरायचंच होतं तर मुलांना चुका करू देऊन हरायचं! सगळा हंगाम निरोप समारंभ झाला. दर गावात भेटवस्तू, दर गावात चित्रफीत. १७ विजय, ६५ पराभव, लेकर्सच्या इतिहासातला सर्वांत वाईट हंगाम.

शेवटच्या सामन्यात ६० गुण केले तेव्हा मीही रडले. पण ५० शॉट घेतले होते. ५०! रसेल कोपऱ्यात उभा राहून बघत होता.

---

कॅपचा हिशेब

जुनी लेकरवाली, त्या हंगामाबद्दल एक विसरताय. लेकर्सचा २०१६ चा पिक नॅशच्या व्यवहारात गेलेलाच होता, पहिल्या तिनात आला तरच आपल्याकडे राहणार होता, नाहीतर फिलाडेल्फियाला. तरण्या पोरांनी दहा-बारा सामने जास्त जिंकले असते तर तो बहुधा गेला असता. राहिला, दुसरा आला, ब्रँडन इंग्रम मिळाला. पुढे इंग्रम, लॉन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पिक देऊन २०१९ मध्ये अँथनी डेव्हिस आला, २०२० मध्ये विजेतेपद, आणि २०२५ मध्ये त्याच डेव्हिसच्या बदल्यात लुका डॉन्चिच. तुम्ही ज्या हंगामाला शिव्या घालताय, ही सगळी साखळी तिथून निघते.

---

जुनी लेकरवाली

हे योगायोगाने झालं. संघाने ठरवून केलं असतं तर मी मानलं असतं. रसेलला २०१७ मध्ये मोझगोव्हचा करार गळ्यात बांधून ब्रुकलिनला पाठवलं, तिथे दोन वर्षांत तो ऑल-स्टार झाला. त्याला घडवायला आपल्याकडे कुणाला वेळ नव्हता.

---

नागपूरकर

कोबीची सही आणि सचिनची वानखेडेवरची २०० वी कसोटी एकाच महिन्यातली, नोव्हेंबर २०१३. आपल्याकडेही हेच झालं. आमच्या नागपुरात मार्च २०११ मध्ये ९९ वं शतक, शंभरावं यायला मार्च २०१२ उजाडला, तेही मीरपूरला बांगलादेशकडून हरलेल्या सामन्यात. वर्षभर सगळा देश एका शतकाची वाट बघत बसला. अजिंक्य रहाणे तेव्हा संघाबरोबर फिरून पाणी देत होता, कसोटी पदार्पण थेट मार्च २०१३ मध्ये.

मी स्वतः बास्केटबॉल खेळलोय. आमच्या क्लबात एक थोर खेळाडू होते, खरंच थोर. गुडघे गेले तरी जिल्ह्याच्या संघात त्यांची जागा पक्की. निवड समितीतल्या कुणाचीही नाही म्हणायची छाती नव्हती. माझी उमेदीची वर्षं बाकावर टॉवेल धरून गेली. बचावात ते मागे पडायचे, मग मधली जागा उघडी, आणि ओरडा आम्हा पोरांना. त्यामुळे रसेलचं दुःख मला सांगू नका, मी ते जगलोय.

---

शिवाजी पार्कचा

सचिनला मध्ये ओढायची गरज नव्हती. रहाणेची जागा सचिनने अडवली, याला पुरावा काय? २०१२ मध्ये द्रविड गेला, लक्ष्मण गेला. दोन जागा मोकळ्या झाल्या ना? पुजारा आणि कोहली आले. रहाणेला तेव्हाही घेतलं नाही, तो प्रश्न निवड समितीला विचारा. वानखेडेवर शेवटच्या डावात ७४ केल्या, त्या काय मेहेरबानीच्या?

---

नागपूरकर

७४ वेस्ट इंडिजविरुद्ध. मालिका कुणासाठी भरवली हे सगळ्यांना माहीत आहे.

---

शिवाजी पार्कचा

तुम्हाला क्लबाने बाकावर बसवलं त्याचा सूड सचिनवर काढू नका. दोन दशकं ज्याच्या जिवावर टीव्ही चालला, त्याला घरच्या मैदानावर निरोप दिला तर कुणाचं काय गेलं?

---

नागपूरकर

ज्याची जागा गेली त्याचं गेलं. तुम्ही बाकावर कधी बसलेले दिसत नाही.

---

कॅपचा हिशेब

दोघंही थांबा. भारतीय संघात पगाराची कॅप नाही, पण अकराचीच जागा असते, त्यामुळे नागपूरकरांची तुलना अगदीच चुकीची म्हणवत नाही. तरी धागा लेकर्सचा आहे. सचिनसाठी वेगळा काढा.

---

पहाटेचा प्रेक्षक

रसेल आणि रँडलचा मुद्दा मान्य करतो. तेवढाच. मात्र तो निर्णय स्कॉटचा, स्कॉटला नेमणाऱ्यांचा. १२ एप्रिल २०१३ आठवा. अकिलीस तुटलेली, फाउल मिळालेला, आणि हा माणूस चालत फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन दोन्ही टाकतो, मग स्वतःच्या पायांनी आत जातो. तेव्हाचा प्रशिक्षक डि'अँटोनी त्याला दोन आठवडे जवळपास पूर्ण सामने खेळवत होता, कारण संघाला प्लेऑफ हवं होतं. संघासाठी शरीर मोडून घेतलं, आणि नंतर भरपाई घेतली की हाच स्वार्थी?

---

टेक्सासकर

भरपाई द्यायचीच होती तर पुतळा होता, जर्सी होती, पुढच्या पिढीची जागा द्यायची नव्हती. डर्क शेवटच्या हंगामात बाकावरून खेळला आणि सामने लुकाच्या हातात दिले. वारसा म्हणजे मी हा म्हणतो. आणि आमच्या व्यवस्थापनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच लुका विकला! लोक डर्कच्या पुतळ्यापाशी शवपेटी घेऊन गेले. एप्रिलमध्ये लुका इथे लेकर्सच्या जर्सीत आला, सामन्याआधी बाकावर बसून रडला आणि मग ४५ गुण केले. त्या रात्री जे सोसलं ते कोबीच्या करारावर वाद घालणाऱ्यांना कळणार नाही.

---

जुनी लेकरवाली

टेक्सासकर, या एका बाबतीत तुमच्याबद्दल वाईट वाटतं. बाकी लुका आता आमचा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तीन वर्षांच्या करारावर सहीही केली. माझी भीती वेगळी आहे. आपल्याच लेब्रॉन जेम्सने २०२५-२६ साठी ५.२६ कोटी घेतले, चाळिशीत. पुन्हा एक निरोपाचा हंगाम लुकाच्या ऐन वर्षांतून कापला जाणार असेल तर मी आत्ताच सांगून ठेवते, या वेळी मी रडणार नाही.

---

पहाटेचा प्रेक्षक

लेब्रॉन अजून सामना जिंकून देतो, कोबी २०१६ मध्ये देत नव्हता. हा फरक तुम्ही मोजत नाही.

---

जुनी लेकरवाली

मोजते. म्हणूनच विचारते, तो जिंकून देत नाही असं दिसेल त्या दिवशी लेकर्समध्ये त्याला हे सांगणार कोण?