प्रयोगवहीतलं ‘निरीक्षण’ तुम्ही खरं लिहिलं होतंत का?

भाट्याकाठची

आषाढी एकादशी होती. उपासाला आणलेले दोन कच्चे बटाटे लेकीने पाटीतून उचलले. आठवीत आहे, परासरणाचा (कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पाणी झिरपतं, तो) प्रयोग जर्नलमध्ये लिहायचा होता. तीन वाट्या मांडल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत दोन चमचे मीठ घालून पाणी, तिसरीत भाट्याच्या खाडीचं पाणी. खाडीची कल्पना तिचीच. प्रत्येक वाटीत बोटाएवढ्या फोडी, पन्नास ग्रॅम तोलून. दोन तासांनी फडक्याने टिपून परत तोलल्या.

साधं पाणी ५३. मिठाचं ४४, फोडी चिंध्यांसारख्या लोंबतायत. इथवर सगळं गाईडबरहुकूम. खाडीचं पाणी ५२! फोड वाकवली तर कट्कन मोडली. गाईडात तर लिहिलंय, समुद्राचं पाणी अतिपरासारी, म्हणजे फोडीतल्या रसाहून दाट, फोडी मऊ पडतात.

“आई, खाडीसमोर पण ४४च लिहू का?”

मी गप्प. कारण दहावीला मी स्वतः अख्खं जर्नल ताईच्या वहीवरून उतरवलं होतं, तेही तारखांसकट. प्रयोगाची तारीख आमचं वर्ष सुरू व्हायच्या आधीची निघाली.

तुमच्या वह्यांत काय होतं? मोकळेपणाने लिहा. आणि या ५२चं काय करायचं तेही सांगा.

हर्णैची

आमच्या पुस्तकात मासा म्हणजे रोहू. तो गोड्या पाण्यातला, हर्णैच्या लिलावात मी कधी पाहिला नाही. सर म्हणाले घरून मासा आणा, तर मी बांगडा नेला, पाटीतला सगळ्यात मोठा. आकृती काढताना अडलं. पुस्तकातल्या माशाच्या पाठीवर एकच पर. बांगड्याला दोन, आणि त्यांच्यामागे शेपटीपर्यंत पाच बारीक सुटे पर. खालच्या अंगालाही तसेच पाच. मोजून काढले. सरांनी दहाच्या दहा खोडले, वर शेरा, ‘नक्षी नको’.

वही आईला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “ह्याची शेपटीकडची बाजू कुणी छाटली?”

(त्या पानाला वर्षभर वास होता. मांजर दप्तर सोडत नसे.)

निवृत्त मास्तर

खोडणाऱ्यांच्या बाजूनेही चार ओळी. फेब्रुवारीत अठ्ठेचाळीस जर्नलं एका आठवड्यात तपासून द्यायची, वर दहावीचे जादा तास.

कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग. वरची पातळ काच, कव्हरस्लिप, तिरकी धरून हळू सोडली नाही की हमखास हवा अडकते. बुडबुडा ओळखायला सोपा, जाड काळी कड आणि आत लख्ख गोल. एका हुशार मुलाने तोच केंद्रक म्हणून काढला. पुढे ओळीने एकवीस वह्यांत तोच गोल, त्याच कोपऱ्यात. खरं केंद्रक आयोडीनने पिवळट-तपकिरी होतं, बहुधा पेशीच्या कडेला सरकलेलं असतं, आणि शोधावं लागतं. आकृतीखाली सगळ्यांनी ‘४०० पट’ लिहिलेलं. आमच्या सूक्ष्मदर्शकाचं चाळीसचं भिंग दोन वर्षांपूर्वीच फुटलं होतं! डोळ्याकडचं भिंग दहाचं, खालचंही दहाचं, म्हणजे शंभरच पट दिसणार.

सह्या केल्या. एकवीसही वह्यांवर.

वेंगुर्ल्याहून

पानातल्या स्टार्चचा प्रयोग. तास पस्तीस मिनिटांचा. स्पिरिट थेट आचेवर तापवायचं नाही, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात चंचुपात्र ठेवलं आणि पानाचा हिरवेपणा जायची वाट बघत बसलो. गेला नाही. घंटा झाली. घाईत हिरव्या पानावरच आयोडीन टाकलं, शेणासारखा रंग. वहीत सगळ्यांनी लिहिलं, ‘पान निळे-काळे झाले’. मीही.

आचऱ्याचो

आमच्या हय खाडीकाठच्या तिवराच्या झाडाच्या पानार मीठ येता, उनात चकाकता. मी वहीत ‘चव: खारट’ असा लिवलेलंय. बाईंनी लाल शाईन लिवल्यानी, ‘प्रयोगशाळेत चव घेऊ नये’. बरोबर होतां तेंचां. पण तिवराखाली खयची प्रयोगशाळा!

निवृत्त मास्तर

भाट्याकाठच्या ताई, ५२ तसेच राहू द्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बटाट्याच्या फोडीने पाणी ना घ्यावं ना सोडावं, असं मिठाचं पाणी लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. तुमचं पाणी त्याहून गोडं होतं, एवढंच. आषाढात काजळी नदी दुथडी भरून भाट्याला येते. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं, खारं तळाशी राहतं. तुम्ही तांब्या वरवर बुडवला असणार. भरती होती की ओहोटी?

हर्णैची

वेळ आठवत असेल तर घरीच काढा. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, तो भरतीचा तास. ढोबळ आहे, गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण होडीवाल्याला पुरतं. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी.

भाट्याकाठची

एकादशी म्हणजे अकरा. अकराचे पाऊण सव्वाआठ. आम्ही खाडीवर गेलो ते फराळ आटपून, दोनच्या पुढे. भर ओहोटी, आणि छत्री उलटी होईल असा पाऊस. तांब्याही वरवरच बुडवला होता, मास्तर, पायरीवरून.

वहीत ५२ गेले. त्याखाली तिने लिहिलंय, ‘दुपार, ओहोटी, पाऊस चालू, पाणी वरचे’. आता रविवारी भरतीला परत जायचं म्हणते, या वेळी तळाचं पाणी हवंय. दोरीला दगड बांधून बाटली सोडणं जमेल, मी सोबत असेनच. पण खाली गेल्यावर बूच कसं काढायचं? दुसरी दोरी बुचाला बांधून ओढली तर निघेल का? कुणी केलं असेल तर शनिवारपर्यंत सांगा.